चार आत्यांचं बारसं

निवेदिता वर्तकने आयुष्यात एकदाच प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला होता. त्याची शिक्षा म्हणून गेली नऊ वर्षं ती चौलच्या कॉलेजात संगणक विभागाची प्रमुख होती. विभागात ती, दोन पंखे आणि एक कपाट. शिकली होती गणित आणि लागली होती प्रयोगशाळेत. पण तो कागद सुटलेला तेव्हाच्या प्राचार्यांनी पाहिला आणि त्यांना वाटलं, हिला यातलं कळतं. निवेदितालाही काही दिवस तसंच वाटलं होतं.

बावीस डिसेंबरच्या सोमवारी सकाळी तिने नुकताच वाडीतल्या जायफळाच्या मुखवासाचा डबा उघडला होता, तेवढ्यात कल्पिता म्हात्रे आत आली. म्हणजे पाच तारखेपर्यंतची कल्पिता म्हात्रे. त्या दिवशी तिचं ठाकुरांच्या धनेशशी लग्न झालं आणि सतरा दिवसांनी ती आज कामावर परत आली होती. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता आणि चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, मला चौदा दिवसांत एकही मेल आलेला नाही."

"लोक समंजस असतात गं. नवीन लग्न झालेलीला कोण त्रास देतंय?"

कल्पिता हसली नाही. तिने मोबाईल टेबलावर ठेवला आणि पुढे सरकवला. पडद्यावर केरळमधल्या एका संशोधन संस्थेची यादी होती. कांदळवनांवर दोन वर्षं काम करायला देशभरातून पाच जण निवडले होते आणि तिसरं नाव होतं कल्पिता म्हात्रे, चौल. कल्पिता वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी गुडघाभर चिखलात उभी राहून रेवदंड्याच्या खाडीतली झाडं मोजायची, हे सगळ्या कॉलेजाला माहीत होतं. या अर्जाचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. यादीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: निवडपत्रं बारा तारखेला मेलने पाठवली आहेत, बावीस तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी होकार न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल.

"बावीस म्हणजे आज," निवेदिता म्हणाली.

"आज. आणि माझ्याकडे पत्रच नाही. यादीसुद्धा मला आज सकाळी बसमध्ये दिसली. मी तर समजून चालले होते की झाली नाही निवड."

"घरी काय म्हणतात?"

"घरी माहीत नाही. धनेशला माहीत आहे. तो म्हणाला, लग्न होऊ दे, मग आईला सावकाश सांगू." कल्पिताने चुड्यावरून हात फिरवला. "सावकाश काय, तोंडच उघडलं नाही दोघांनी."

निवेदिताने आपल्या खात्यातून तिला एक मेल पाठवला. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचला. मग आपल्या मोबाईलवरच्या खासगी खात्यातून दुसरा पाठवला. तो पोचला नाही. पाच मिनिटं दोघी पडद्याकडे बघत बसल्या, पण नाहीच. परत आतून पाठवला तर आला, बाहेरून पाठवला तर गडप. खातं नीट उघडत होतं, पासवर्ड चालत होता, जुने मेल जागच्या जागी होते, जागा शिल्लक होती. बिघडलं म्हणावं असं काहीच दिसत नव्हतं आणि बाहेरचा एक मेल म्हणून येत नव्हता. निवेदिताने खुर्ची मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. असं झालं की तिला गणिताची फार आठवण येई. तिथे चूक असली तर निदान कागदावर तरी असते.

"तुझं नाव बदललं ना आपण?" ती एकदम म्हणाली.

"माझं? नाही. मी कुठे काय बदललंय?"

आता निवेदिता गोंधळली. कारण तिने स्वतः, आठ तारखेच्या सोमवारी, याच खुर्चीत बसून कल्पिताचं बारसं केलेलं तिला स्वच्छ आठवत होतं.

बारसं म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. त्यांच्या शिक्षण संस्थेची चौल, म्हसळा आणि माणगाव अशी तीन कॉलेजं. माणूस एक, पण त्याचं नाव चार ठिकाणी नोंदलेलं: म्हसळ्याचा जुना सर्व्हर, नवी मेल, गटांच्या याद्या आणि सगळ्यांना दिसणारं पत्त्यांचं पुस्तक. संस्थेचा पहिला संगणक म्हसळ्याला आला, म्हणून बाहेरून येणारा प्रत्येक मेल आजही आधी म्हसळ्याच्या जिन्याखालच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून ज्याच्या त्याच्या नव्या पेटीत पडायचा. कुणाचं नाव बदललं की ते चारही ठिकाणी हाताने बदलावं लागे आणि एक जागा हमखास राहून जाई. तेव्हा सुश्रुत नावाचा एक हुशार मुलगा कॉलेजात नोकरीला होता. त्याने रुबी नावाच्या संगणकाच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'बारसं'. त्यात प्रत्येक व्यवस्थेसाठी एक वेगळं छोटं प्लगइन, म्हणजे हवं तेव्हा जोडता येणारा तुकडा, होतं. उद्या पाचवी व्यवस्था आली तर पाचवं प्लगइन आणून ठेवायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. प्लगइनच्या फोल्डरला त्याने म्हटलं 'आत्या'. बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या, तसं इथे चार आत्यांनी आपापल्या व्यवस्थेच्या कानात नवं नाव सांगायचं. पडद्यावर येणारी वाक्यंही त्याने मराठीतच लिहिली. मग सुश्रुत पुण्याला गेला आणि आत्या निवेदिताच्या गळ्यात पडल्या. ती जुनं नाव लिही, नवं नाव लिही, बटण दाबी आणि शेवटची ओळ बघे: "बारसं पार पडलं. पेढे वाटा." या कामाचं तिला एवढंच येत होतं, आणि आजवर तेवढ्यावर भागलं होतं.

"अर्ज आला होता तुझा," निवेदिता म्हणाली. "नाव बदलण्याचा. सही होती."

"मी आठ तारखेला कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढत होते, मॅडम."

निवेदिताने फाईल काढली. अर्ज होता. कल्पिता म्हात्रेचं कल्पिता ठाकूर करावं. खाली सही होती, आणि सहीच्या आधी अगदी लहान अक्षरात 'करिता' लिहिलेलं. ते अक्षर बघताच निवेदिताने कपाळाला हात लावला आणि हेडक्लार्क दयाराम पाटलांना बोलावलं.

दयारामभाऊ हसतमुखाने आले. संस्थेतल्या एकूणएक लग्नाला जाणारा माणूस. "पोचला का आहेर?" त्यांनी कल्पिताला विचारलं.

"कसला आहेर?"

"अगं, पत्रिकेत छापता ना तुम्ही, आहेर आणू न्हाय म्हणून. मंग माणसानं द्यायचं काय? म्हणून मी हा देतो. पोरगी कामावर परत येईस्तोवर तिचं नवीन नाव सगळीकडं तयार. ओळखपत्र, हजेरीपट, मेल, सगळं. बारा पोरींचं केलंय आतापावेतो. एकीनं तक्रार केली न्हाय."

"विचारलंत त्यांना?" निवेदिता म्हणाली.

"आहेर काय विचारून देतात व्हय, मॅडम?" दयारामभाऊंना खरंच वाईट वाटलं. "आणि हिचं तर मी नीट बघून लिवलं. मांडवात पुढंच उभा होतो मी. ताटात तांदूळ पसरले, धनेश अंगठी घेऊन नाव लिवायला बसला. सासूचं नाव कल्पिता, सुनेचं पण कल्पिता. एका घरात दोन कशा, म्हणून धनेशच्या आत्याबायांनी प्राप्ती हे नाव ठरवलेलं. ही म्हणाली, मी माझंच ठेवणार. मांडवात सगळे गप्प. मंग कल्पिताबाईच उठल्या. म्हणाल्या, लिव रे कल्पिता, माझं काय झिजतंय का? म्हणून मी कल्पिताच लिवलं. फकस्त आडनाव बदललं."

ते ऐकता ऐकता निवेदिता सासूच्या नावापाशी अडली. सासूचं नाव कल्पिता. कल्पिता ठाकूर. आणि कल्पिताबाई ठाकूर याच कॉलेजात, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, गेली वीस वर्षं ग्रंथपाल होत्या. त्यांचं खातं याच नावाने होतं. संस्थेत कल्पिता ठाकूर आधीच होती आणि निवेदिताने तिच्यावर दुसरीचं बारसं केलं होतं.

तिने आठ तारखेची नोंद उघडली. त्या दिवशी शेवटच्या ओळीच्या वर काय आलं होतं ते आज तिने पहिल्यांदा वाचलं.

"म्हसळ्याची आत्या: नाव सांगितलं. गटांची आत्या: नाव सांगितलं. नव्या मेलची आत्या: या नावाचं इथे आधीच कोणीतरी आहे. मी रुसले. पुस्तकाची आत्या: नाव सांगितलं. बारसं पार पडलं. पेढे वाटा."

"रुसले म्हणजे?" कल्पिताने विचारलं.

निवेदिताने सुश्रुतला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, पण आत्या रुसली म्हटल्यावर बाहेर आला.

"ताई, कुठली रुसली? नव्या मेलची? ती बरोबर रुसली. ती आधी बघते, नाव मोकळं आहे का ते. म्हसळ्याची बघत नाही, ती जुनी आहे, सांगाल ते कानात सांगून मोकळी होते."

"मग तू बारसं थांबवलं का नाहीस तिथेच?"

"एक आत्या रुसली म्हणून बारसं थांबतं का? आमच्या घरी प्रत्येक बारशाला एक रुसते. बाकीच्यांनी उरकून घ्यायचं असतं." मग त्याच्याही लक्षात आलं असावं. "म्हणजे म्हसळ्याला आता महिनाभर म्हात्रेचं सगळं टपाल ठाकूरच्या पेटीत टाकायला सांगितलंय, महिन्यानंतर जुन्या नावाचं आलं तर परत पाठवायचं. आणि म्हात्रेची पेटी इकडे तशीच. अरे देवा. ताई, आधी नुसतं विचारायची सोय केली होती मी. नावापुढे 'विचार' लिहायचं, ती सांगते कोणी आहे की नाही. तुम्ही विचारत नाही का?"

"मला कुणी सांगितलंच नाही."

"मी मेल पाठवला होता," सुश्रुत म्हणाला.

निवेदिताने फोन ठेवला. तिला आता आणखी एक गोष्ट आठवत होती आणि ती आठवू नये असं फार वाटत होतं. गेल्या आठवड्यात कल्पिताबाई स्वतः खाली आल्या होत्या. म्हणाल्या होत्या, मुलं मला झाडांचे फोटो का पाठवतात? आणि तिने, विभागप्रमुख निवेदिता वर्तकने, मुखवास चघळत उत्तर दिलं होतं की ग्रंथालयाला भेट म्हणून पाठवत असतील.

म्हसळ्याच्या सर्व्हरवर येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद राहते. कुणाकडून, कुणाला, किती वाजता, एवढंच. आत काय लिहिलंय ते नाही. निवेदिता बोटाने एकेक ओळ खाली सरकवत गेली. बारा तारीख, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. केरळहून, कल्पिता म्हात्रेसाठी. पुढच्याच क्षणी: कल्पिता ठाकूरच्या पेटीत टाकलं.

"आईंच्या पेटीत," कल्पिता म्हणाली.

"थांब. अजून एक आहे." निवेदिताने ओळ दोनदा वाचली. तेरा तारीख, सकाळी अकरा. कल्पिता ठाकूरकडून केरळला. "उत्तर गेलंय."

"कुणाचं उत्तर? काय उत्तर?"

"ते यात दिसत नाही गं."

कल्पिताने यादीखालचा फोन नंबर शोधला. मग दोघींनी केरळला फोन लावला. सहाव्यांदा कुणीतरी उचलला. पलीकडच्या माणसाने नाव शोधलं आणि सांगितलं, तुमच्याकडून उत्तर आलेलं आहे. काय आलंय ते मी सांगू शकत नाही, साहेब जेवायला गेलेत, चारला येतील. कल्पिताने विचारलं की मी आत्ता दुसरं उत्तर पाठवू का? तो म्हणाला, एका माणसाची दोन उत्तरं आली तर फार घोटाळा होतो, आधी पहिलं काय ते बघा. फोन बंद झाला. घड्याळात सव्वा वाजला होता.

"आईंनी नाहीच म्हटलं असणार," कल्पिता म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी आलेली सून दोन वर्षं केरळला. कोण हो म्हणेल? आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. काल वाडीत मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावली होती, माझ्या पानात स्वतः शेंगा वाढत होत्या, हसत होत्या. माहीत असून हसत होत्या, मॅडम." तिला राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि आधी काय करावं ते तिला ठरवता येत नव्हतं. "तुम्ही उघडू शकता ना त्यांची पेटी?"

निवेदिता उघडू शकत होती. पासवर्ड बदलायचा, आत जायचं, बघायचं, बाहेर यायचं. दोन मिनिटांचं काम. नऊ वर्षांत तिने कुणाची पेटी उघडली नव्हती, पण त्यात मोठेपणा काही नव्हता, तशी वेळच आली नव्हती. चूक माझी, तर निस्तरायची पण मीच, असं तिला वाटलं. तिने कल्पिताबाईंचं नाव लिहिलंसुद्धा. पासवर्ड बदलण्याच्या बटणावर बाण नेला आणि हात तिथेच राहिला. हे बरोबर की चूक, हे तिला खरोखरच कळेना. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी उत्तर वेगवेगळं येत होतं.

"नको," शेवटी कल्पिताच म्हणाली. "मला संध्याकाळी त्याच घरी जायचंय. विचारते मी त्यांना. तुम्ही या माझ्याबरोबर."

ग्रंथालयात दुपारी कुणी नसतं. कल्पिताबाई खिडकीपाशी बसून नव्या पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होत्या. एक्कावन्न वर्षांची, उंच, कमी बोलणारी बाई. दोघींना दारात बघून त्यांनी गोंदाची बाटली बंद केली.

"झाडांचे फोटो न्यायला आलीस का?" त्या सुनेला म्हणाल्या. "एक्केचाळीस आहेत. दोघांनी तर आंब्याचा पाठवलाय."

"आई, तुम्ही माझं पत्र वाचलंत," कल्पिता म्हणाली. "माझं पत्र होतं ते. मला विचारायचं तरी. उत्तर कसं काय दिलंत तुम्ही?"

"चूक माझी आहे, कल्पिताबाई," निवेदिता मध्येच म्हणाली. "नाव बदलताना माझ्याकडून टपालाची अदलाबदल झाली."

"माझ्या पेटीत आलं, मी उघडलं," कल्पिताबाई म्हणाल्या. "वर लिहिलेलं, प्रिय कल्पिता. पुढे लिहिलेलं, आपली निवड झाल्याचं कळवताना आनंद होतो. तिथपर्यंत मला वाटलं, मलाच आहे." त्या थोडं हसल्या. "खोटं कशाला सांगू? दोन ओळी मी फार खूश होते. मग कांदळवन आलं, तेव्हा कळलं तुझं आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. कार्ल्याहून आलीस की सांगशील, माहेराहून आलीस की सांगशील. काल पोपटीला मुद्दाम तुझ्याजवळ बसले. तू शेंगा सोलत राहिलीस." त्यांनी हातातली चिठ्ठी बाजूला ठेवली. "मला वाईट वाटलं, कल्पिता. मांडवात मी तुझ्यासाठी उठले आणि तरी मी सांगण्याजोगी नाही, असं वाटलं तुला."

कल्पिताने मान खाली घातली. निवेदिताचं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन वाजून दहा मिनिटं.

"उत्तरात काय लिहिलंत, ते आधी सांगता का?" ती म्हणाली. "पाचपर्यंतच वेळ आहे."

कल्पिताबाईंनी संगणकाचा पडदा दोघींकडे वळवला. मेल तयार उघडून ठेवलेला होता, जणू त्या सकाळपासून वाटच पाहत होत्या. ग्रंथालयाच्या इंग्रजीत तीनच ओळी. निवडीबद्दल आभारी आहे. जागा स्वीकारत आहे. पाच जानेवारीला रुजू होईन. खाली, कल्पिता. आणि त्याच्याखाली केरळचं उत्तर: होकार मिळाला, राहायची खोली राखून ठेवली आहे.

कल्पिताने ओळी पुन्हा वाचल्या, मग सासूकडे बघितलं, मग परत ओळींकडे. तिला कळत होतं आणि विश्वास बसत नव्हता.

"आडनाव घातलं नाही मी," कल्पिताबाई म्हणाल्या. "ते तुझं तू बघ."

"पण आई, तुम्ही हो का म्हणालात? मी विचारलंही नव्हतं."

कल्पिताबाईंनी गोंदाची बाटली उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"मी लग्नाआधी मुंबईला ग्रंथालयशास्त्राला अर्ज केलेला. शहाण्णव साली. उत्तर माहेरी आलं, उरणला. तोवर माझं लग्न झालेलं. बाबांनी पाकिटावरचा पत्ता खोडून चौलचा घातला, नाव तसंच ठेवलं, कुमारी कल्पिता केणी. पोस्टमन आमच्या दारात आला. सासू पुढे अंगणात मासळी सुकवत होती. त्यानं विचारलं, कल्पिता केणी कोण? ती म्हणाली, या नावाचं इथं कोणी न्हाय." त्या थांबल्या. "खोटं बोलली नाही ती. तिच्या घरात केणी कोणी नव्हतंच. आणि मी आत चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. मी ऐकलं. मला पण वाटलं, दुसऱ्याच कोणाचं असेल. महिनाभर सगळे हाका मारत होते ठाकुरांची सून, ठाकुरांची सून. मी भाकरी उलटली आणि गप्प राहिले. दिवाळीला बाबांनी विचारलं, पत्र मिळालं का, तेव्हा कळलं."

निवेदिताच्या डोळ्यांसमोर दयारामभाऊंच्या आहेराच्या बारा पोरी आल्या. त्यांची जुनी नावं तिने एका बटणाने पुसली होती, आणि त्या नावांवर काय काय येऊन परत गेलं असेल ते तिने कधी मनात आणलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

कल्पिता उठली आणि सासूच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. दोघींपैकी एकीनेही दुसरीला जवळ वगैरे घेतलं नाही. सुनेने फक्त सासूच्या हातातली गोंदाची बाटली काढून घेतली आणि टेबलावर ठेवली.

"चारला फोन करू आपण त्या साहेबांना," ती म्हणाली. "दोघी मिळून. मला इंग्रजीत बोलताना घाम फुटतो."

"मला पण," कल्पिताबाई म्हणाल्या.

मग तिघी खाली आल्या. आधी म्हसळ्याच्या आत्याला जुनं नाव परत सांगायचं होतं. निवेदिताने कल्पिताला विचारलं, आता कुठलं ठेवू? कल्पिता म्हणाली, सध्या म्हात्रेच राहू दे, केरळवाल्यांना तेच माहीत आहे, परत आले की बघू. या वेळी निवेदिताने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. एकही आत्या रुसली नाही. बाहेरून पाठवलेला मेल आला. दयारामभाऊ दारातून हे बघत होते. आपला आहेर परत गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

"त्या बारा जणींची जुनी नावं काढून द्या मला, भाऊ," निवेदिता म्हणाली. "नव्या पेटीला जुनं नाव जोडून ठेवता येतं. आधीच करायला हवं होतं."

कल्पिताबाई निघाल्या होत्या. त्या दारात थांबल्या.

"माझं जोडता येईल का?" त्यांनी विचारलं.

"तुमचं काय?"

"केणी."

"त्या नावावर आता कोण टपाल पाठवणार, बाई?" दयारामभाऊ म्हणाले.

"कोणी नाही पाठवणार," कल्पिताबाई म्हणाल्या. "तरी."

निवेदिताने नाव लिहिलं, कल्पिता केणी, आणि सुश्रुतने सांगितलं होतं तसं त्यापुढे 'विचार' लिहिलं. बटण दाबलं. उत्तर यायला नेहमीसारखा वेळ लागला. मग पडद्यावर ओळ उमटली.

"नव्या मेलची आत्या: या नावाचं इथे कोणी नाही. ठेवू का?"

कल्पिताबाई टेबलापाशी परत आल्या, चष्मा वर केला आणि ती ओळ वाचली.

"आहे म्हणावं तिला," त्या म्हणाल्या.

निवेदिताने बटण दाबलं.